महिरपीचा आतला काठ आणि हातातून सुटलेला ट्रिमर : ठाण्यातल्या एका गाळ्यातलं प्रकरण

वागळे इस्टेटमधला एक छोटा गाळा. देव्हारे, चौरंग, पाट असं सगळं सागवानी काम तिथं होतं, आणि गणपतीच्या आधी तर गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या एका मुलाच्या डाव्या हाताला, अंगठा आणि पहिलं बोट याच्या मधल्या जागेत, ट्रिमरचा बिट लागला. ट्रिमर म्हणजे एका हातात मावणारा छोटा राउटर, लाकडाच्या कडा कापायचं मशीन, आणि बिट म्हणजे त्यात बसवायचं फिरणारं पातं. टाके घालावे लागले, पण नस वाचली, बोटं नीट हलतायत, म्हणजे थोडक्यात निभावलं. मालक माझ्या जुन्या ओळखीचे, माझं स्वतःचं वर्कशॉप रबाळ्याला आहे आणि राउटरवरच माझं बरंचसं काम चालतं, म्हणून त्यांनी फोन केला की जरा येऊन बघ रे, पोरगा म्हणतोय मशीन आपोआप उडालं. नावं मुद्दाम देत नाही, मुलाचं पण नाही आणि गाळ्याचं पण नाही.

एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली, टेबल आवरलं नव्हतं. मुलाला दवाखान्यात नेलं, मशीनची पिन काढली आणि बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवलं. अपघातानंतर पहिल्यांदा आपण भुसा झाडून टाकतो आणि मग काय झालं ते कधीच कळत नाही. इथे सगळं डोळ्यासमोर होतं.

काम काय चाललं होतं ते आधी सांगतो. देव्हाऱ्याच्या दर्शनी भागाची महिरप, २० मिमी जाड सीपी म्हणजे मध्य प्रांतातला साग, आतून पाकळ्या पाकळ्यांची कमान आणि बाहेरून साधी गोलाई. खाली ६ मिमी एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) साचा डबल साइड टेपने चिकटवलेला, फळी दोन ठोकळ्यांवर उचललेली म्हणजे बिट टेबलला लागू नये, आणि ट्रिमरमध्ये खालच्या टोकाला बेअरिंग असलेला फ्लश ट्रिम बिट. बेअरिंग साच्याच्या कडेवरून फिरतं आणि वरची पाती लाकूड साच्याबरोबर कापत जातात. पद्धत चांगलीच आहे, सगळे हेच करतात, मी पण हेच करतो.

पहिली गोष्ट दिसली ती साच्यावर. कमानीच्या उजव्या खांद्याजवळ एमडीएफमध्ये खोल चावा गेलेला होता. आता बघा, खाली बेअरिंग असलेल्या बिटने साचा कापला जायलाच नको, कारण साच्यावर बेअरिंग टेकलेलं असतं. साचा कापला गेलाय म्हणजे बेअरिंग साच्याच्याही खाली उतरलं होतं आणि साच्यासमोर पाती आली होती. म्हणजेच बिट कॉलेटमधून हळूहळू खाली सरकत होता. आणि एकदा बेअरिंग साच्यावरून सुटलं की बिटला अडवणारं काहीच उरत नाही, तो लाकडात जितका घुसेल तितका घुसतो.

मग बिट काढून शँक, म्हणजे बिटची मशीनमध्ये जाणारी दांडी, बघितली. त्यावर गोल गोल घासल्याच्या रेघा आणि तपकिरी जळका रंग. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावला तर ५.९८ मिमी, म्हणजे ६ मिमीची शँक. आणि ट्रिमरमध्ये कॉलेट होता पाव इंची, ६.३५ मिमीचा. फरक फक्त ०.३५ मिमीचा, पण इथेच सगळा घोळ आहे. कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली स्टीलची छोटी नळी, नट आवळला की ती मिटते आणि शँकला चारी बाजूंनी पकडते, पण तिचं मिटणं अगदी थोडंसंच असतं, ती ज्या मापासाठी बनवलीय त्याच मापाला ती पूर्ण लांबीभर धरते. त्यात ६ मिमीची शँक घातली तर नट आवळताना घट्ट लागल्यासारखं वाटतं, पाना जागचा हलत नाही, सगळं ठीक वाटतं, पण पकड फक्त कॉलेटच्या तोंडाशी, एका बारीक कड्याएवढी असते. हलकं लॅमिनेट छाटताना ते टिकतं सुद्धा. सनमायका १ मिमीचा, त्याला ताकदच किती लागते. २० मिमी साग एका दमात छाटायला गेलं की ती पकड सुटते.

हे आपल्याकडे इतकं सर्रास का होतं तर बाजारात दोन्ही मापं शेजारी शेजारी मिळतात, काही ट्रिमरबरोबर ६ मिमीचा कॉलेट येतो, काहींबरोबर पाव इंची, काहींबरोबर दोन्ही. बिटचे सेट पण तसेच, आणि दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो एकच आहे हो, सगळ्यात बसतं. बसतं खरं, पण धरत नाही. पाव इंची शँक ६ मिमीच्या कॉलेटमध्ये जातच नाही त्यामुळे ती चूक होऊ शकत नाही, उलटी चूक मात्र रोज होते. मोठ्या राउटरमध्ये हाच प्रकार १२ आणि १२.७ मिमीचा, आणि तिथे बिट मोठा असल्यामुळे धोकाही तितकाच मोठा.

इथपर्यंत मालकांना वाटलं झालं, कारण सापडलं, नवा कॉलेट आणू आणि विषय संपला. पण नुसता बिट सरकला म्हणून मशीन हातातून सुटून डाव्या हातावर येत नाही. म्हणून मी मुलाची वाट बघितली. तो दोन दिवसांनी हाताला पट्टी बांधून गाळ्यात आला तेव्हा त्याला बसवून, मशीन बंद, पिन बाहेर, फक्त हाताने फिरवून दाखव म्हटलं कसा गेलास ते.

त्याने आधी बाहेरची गोलाई दाखवली. महिरपीचे पाय त्याच्याकडे, उजव्या पायापासून वर गेला, डोक्यावरून डावीकडे आला आणि डाव्या पायाला उतरला. बरोबर. मग आतली कमान दाखवली, आणि ती सुद्धा उजव्या पायापासून वर, डोक्यावरून डावीकडे. इथे चूक.

का चूक ते नीट सांगतो कारण हा मुद्दा नुसता पाठ करून उपयोग नाही. हातातला राउटर खाली तोंड करून धरला तर बिट वरून बघताना घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. तुम्ही काठासमोर उभे आहात, लाकूड पलीकडे आणि राउटर तुमच्या बाजूला, तर बिटची जी बाजू लाकडाला लागलीय तिथली पाती डावीकडून उजवीकडे पळतायत. पाती लाकडाला उजवीकडे रेटतात आणि लाकूड उलट मशीनला डावीकडे ढकलतं. तुम्ही डावीकडून उजवीकडे निघालात तर मशीन तुमच्या विरुद्ध रेटा देतं, तुम्ही ढकलाल तेवढंच पुढे जातं, ढकलणं थांबवलं की थांबतं. उजवीकडून डावीकडे निघालात तर लाकूड मशीनला तुमच्याच दिशेने ओढतं, आणि पाती रुतली तर मशीन काठावरून गाडीच्या चाकासारखं पळत सुटतं. म्हणून फळीच्या बाहेरच्या काठावर घड्याळाच्या उलट जायचं आणि चौकटीच्या किंवा कमानीच्या आतल्या काठावर घड्याळाप्रमाणे. आत आणि बाहेर दिशा उलटी होते. बाहेरची सवय हाताला लागली की आतही हात तसाच जातो, असं मला आधी वाटलं.

पण मी विचारलं तेव्हा तो जे बोलला त्याने सगळं प्रकरणच बदललं. म्हणाला, "दादा, मला माहितीये आतून डावीकडून जायचं असतं. पण डावीकडून गेलं की उजव्या अर्ध्याला ढलपे निघतात, पाकळीचं टोक तुटतं, मग मालक ओरडतात. उजवीकडून आलं की एकदम गुळगुळीत येतं."

आणि तो अगदी खरं बोलत होता! महिरपीच्या फळीत लाकडाच्या रेषा आडव्या असतात. कमानीच्या डाव्या अर्ध्यात पायाकडून डोक्याकडे जाताना पाती रेषांच्या उताराने कापतात, काप स्वच्छ येतो. डोकं ओलांडून उजव्या अर्ध्यात आलात की तीच पाती रेषांच्या चढाने जातात, रेषा उचलतात, आणि ढलपा उडतो. पटाशीने गोलाई घेणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला हे माहीत असतं, तो अर्धी कमान एका बाजूने आणि अर्धी दुसऱ्या बाजूने घेतो. मुलाने ट्रिमरवर तेच केलं. उलट्या दिशेने गेलं की पाती लाकूड उचलण्याऐवजी दाबत कापतात, त्यामुळे काठ खरंच गुळगुळीत येतो. म्हणजे जी पद्धत घातक तीच दिसायला सुंदर काम देते. आणि गाळ्यात पोराला शाबासकी कशाची मिळते तर सुंदर कामाची.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उलटं जाऊ नको असं भिंतीवर लिहून काही होणार नाही, कारण उलटं न जाता ढलपा कसा टाळायचा हे त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं. नियम सांगितला, पण तो नियम पाळून चांगलं काम कसं निघेल ते सांगितलं नाही, तर माणूस नियम मोडणारच, त्यात त्याचा आळस नाही, कामाची काळजीच आहे.

आता घटना पूर्ण जुळते. करवतीने महिरप जाडसर कापली होती पण आखलेल्या रेषेच्या बाहेर जागोजागी ५-६ मिमी लाकूड शिल्लक होतं, उरलेल्या तुकड्यांवर मी मोजलं. ते सगळं एका फेरीत, पूर्ण २० मिमी खोलीत, उलट्या दिशेने. कमानीच्या आत वळायला क्लॅम्प आड येत होता म्हणून तो काढून फळी डाव्या हाताने दाबून धरलेली आणि ट्रिमर एकट्या उजव्या हातात. चुकीच्या मापाच्या कॉलेटमधून बिट सरकत सरकत खाली आला, बेअरिंग सुटलं, पाती रुतली, आणि उलट्या दिशेमुळे मशीन पुढे झेपावलं, कमानीच्या डाव्या पायाकडे, जिथे डावा हात होता.

या ट्रिमरचा वेग मिनिटाला ३०,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५००. बिटला दोन पाती, म्हणजे सेकंदाला १,००० काप. माणूस दचकून हात मागे घेईपर्यंत पाव सेकंद धरा, तेवढ्यात सुमारे अडीचशे काप होऊन गेलेले असतात. त्यामुळे "लक्ष ठेवून काम कर" या सल्ल्याला इथे काही अर्थ नाही, लक्ष कितीही असलं तरी हात तिथे असायलाच नको.

मालकांनी तोवर जाड कापडी हातमोजे आणून ठेवले होते, मनापासून, पोरांच्या काळजीने. मी ते परत करायला सांगितले. फिरणाऱ्या बिटजवळ सैल कापड नको, मोज्याचा दोरा जरी अडकला तरी तो बोटासकट आत ओढतो. फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यातला रुमाल, हातातला सैल दोरा यांचंही तेच. डोळ्यांना चष्मा, कानाला मफ किंवा प्लग, आणि नाकाला एन९५ मास्क, हे हवंच. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, आणि आपल्याकडे अजून तोंडाला रुमाल बांधून एमडीएफ घासतात.

बदल काय काय केले ते सांगतो. आधी कॉलेट. ट्रिमरसाठी ६ मिमीचा वेगळा कॉलेट मागवला आणि एका लोखंडी पट्टीला ६ मिमीचं भोक पाडून ती बिटच्या कपाटाला टांगली. बिट त्या भोकात गेला तर तो ६ मिमी, लाल डब्यात. नाही गेला तर पाव इंची, निळ्या डब्यात. व्हर्नियर कोणी रोज काढत नाही, पट्टी मात्र समोर लटकत असते. जुना कॉलेटही फेकून द्यायला लावला कारण त्याचं तोंड फाकलेलं होतं. कॉलेट ही झिजणारी वस्तू आहे, बिटसारखीच, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसतं. आतून पितळी ब्रशने साफ करायचा, थिनरचा फडका फिरवायचा, तेल अजिबात लावायचं नाही, आणि बिट नसताना रिकामा नट आवळायचा नाही, कॉलेट चेपतो.

बिट लावताना शँक तळापर्यंत घालायची आणि २-३ मिमी बाहेर ओढून मग आवळायची. तळाला टेकवून आवळली तर आवळताना कॉलेट शँकला आत ओढतो, तिला जायला जागा नसते, पकड पूर्ण बसत नाही. आणि जास्त खोली हवी म्हणून शँक अर्धी बाहेर काढून लावणं तर अजिबात नको, साधारण २० मिमी तरी आत हवीच, नाही पुरलं तर लांब बिट आणा. आवळून झालं की हाताने एक फेरा फिरवून बघायचा, मग पिन लावायची. पिन लावण्याआधी बटण बंद आहे ना ते बघायचं, ट्रिमरचं बटण सरकवायचं असतं, ते चालूच राहतं. गाळ्यात दुपारी लाइट जाते, पोरगा चहाला जातो, मशीन टेबलावर तसंच, आणि लाइट आली की ते आपोआप सुरू होऊन टेबलावर नाचायला लागतं. लाइट गेली की पहिलं काम पिन काढणं.

दुसरं, छाटणी. जिगसॉने आखलेल्या रेषेपासून २ मिमीवर आणायचं, त्याच्या आत आणि बाहेर नाही. राउटर साच्याबरोबर करायला आहे, लाकूड कमी करायला नाही. वेळ वाढतो म्हणून मालक कुरकुरले, पण ट्रिमर मग इतका सहज जातो की तो वेळ बराचसा भरून निघतो.

तिसरं, पकडायचं कसं. १८ मिमी प्लायची एक बैठक बनवली, तिच्यावर फळी आणि साचा बसायला ठोकळे, आणि दोन टॉगल क्लॅम्प पायांच्या बुंध्याशी, जिथे काप जात नाही. साच्याला फळीशी फक्त टेपच्या भरवशावर ठेवलं नाही, ठाण्याच्या पावसाळ्यात आणि भुशात ती टेप कधी सोडेल नेम नाही, म्हणून देव्हाऱ्यात झाकल्या जाणाऱ्या जागी दोन स्क्रू. एमडीएफच्या साच्याच्या कडा पण दमट हवेत फुगतात, त्यावर सीलरचे दोन हात मारले. आणि ट्रिमरला हँडल असलेली मोठी बेस प्लेट लावली, म्हणजे दोन्ही हात मशीनवरच. माझ्या मते सगळ्या बदलांतला हा एक बदल जरी आधी असता तरी हाताला टाके पडले नसते.

आणि चौथं, ज्यासाठी मी एवढं लिहितोय ते. ढलप्याचा उपाय. एकाच साच्यासाठी दोन बिट ठेवले, एकाचं बेअरिंग टोकाला खाली आणि दुसऱ्याचं वर, शँकच्या बाजूला. आधी साचा खाली ठेवून, खालच्या बेअरिंगचा बिट लावून कमानीचा डावा अर्धा घ्यायचा, पायाकडून डोक्यापर्यंत, डोक्याच्या मध्यावर थांबायचं. मग बैठकीवरून फळी आणि साचा एकत्रच काढून पालथे घालायचे. आता साचा वर आला आणि जो उजवा अर्धा होता तो डावीकडे आला. वरच्या बेअरिंगचा बिट लावायचा आणि पुन्हा तसंच, डाव्या पायाकडून डोक्यापर्यंत. दोन्ही वेळा दिशा बरोबर, दोन्ही वेळा रेषांच्या उताराने. उलटं जायची गरजच संपली. साच्याच्या दोन्ही तोंडांवर लाल मार्करने बाण काढलेत, आतल्या काठावर आणि बाहेरच्या काठावर वेगळे.

बाहेरच्या काठाला रेषांचं गणित उलटं आहे, तिथे डोक्याकडून पायाकडे उतार असतो, म्हणून तिथे मध्यापासून सुरू करून खाली यायचं, मग पालथं घालून तसंच. जिथे फळीचं टोक येतं तिथे आडव्या रेषा उघड्या पडतात, शेवटी कोपरा फुटतो, त्याला मागे एक भंगार तुकडा घट्ट लावून ठेवायचा.

मुलाचे टाके निघाल्यावर त्याने स्वतः नव्या बैठकीवर पहिली महिरप केली, मी आणि मालक बाजूला उभे. पहिल्या अर्ध्याला तो बिचकत होता, आवाज बदलला की थांबत होता, ते मला चांगलंच वाटलं. दुसऱ्या अर्ध्याला हात मोकळा झाला. पाकळ्यांची टोकं सगळी शाबूत, एका ठिकाणी सागाची गाठ होती तिथे थोडं कुसळ निघालं, ते पॉलिशपेपरने गेलं. मालकांनी बोट फिरवून बघितलं आणि त्याला म्हणाले, "आता बाकीच्या दोघांना तूच शिकव."

एक काम अजून राहिलंय. मोठ्या प्लंज राउटरवर (ज्यात बिट वरून दाबून लाकडात उतरवता येतो) दाराच्या पॅनेलचा जो रुंद बिट ते वापरतात तो मशीन पूर्ण वेगाने ठेवूनच चालवतात. २५ मिमीपर्यंतच्या बिटला २२-२४ हजार फेरे चालतात, ५० मिमीला १८ हजारांच्या आसपास यावं लागतं, आणि ७५ मिमीच्या पुढे १२ हजारांच्या वर जायचंच नाही, शिवाय तो बिट हातात धरून चालवायचाच नाही, टेबलात बसवूनच. ५० मिमीचा बिट २४ हजारांवर फिरवला तर पातीचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरने जातं. त्यांच्या राउटरला वेगाची चकती आहे पण तिच्यावर नुसते १ ते ६ आकडे आहेत, कुठल्या आकड्याला किती फेरे ते माहितीपुस्तकात असतं आणि ते पुस्तक हरवलंय. कंपनीच्या साइटवरून ते काढून, छापून, मशीनच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचं ठरलंय, तोपर्यंत तो रुंद बिट मी त्यांच्या कपाटातून काढून माझ्याकडे रबाळ्याला आणून ठेवलाय.